वाक्यांची झडती घेणाऱ्या राऊळ मॅडम

राऊळ मॅडमसमोर 'खरं सांगायचं तर' म्हणायची सोय नव्हती. त्या हातातला कप खाली ठेवायच्या आणि विचारायच्या, "म्हणजे मघापासून काय सांगत होतास?" घाटकोपरच्या आमच्या कॉलेजात मी अकाउंट्स शिकवायचो आणि त्या तत्त्वज्ञान. माझ्या वर्गात बसायला जागा नसे, त्यांच्या वर्गात मुलांपेक्षा पंखे जास्त. त्यांना त्याचं काही वाटायचं नाही. "तत्त्वज्ञानातले निम्मे प्रश्न म्हणजे भाषेत झालेला गुंता आहे रे," त्या म्हणायच्या. "गुंता सोडवायला गर्दी कशाला हवी? एक कंगवा पुरतो."

हा कंगवा त्या कोणाच्याही डोक्यात घालायच्या. एकदा एक मुलगा तास अर्धा संपल्यावर उगवला आणि दारातूनच म्हणाला, "मॅडम, तुम्हीच काल बोललात ना, सगळं आधीच ठरलेलं असू शकतं. मग माझं लेट येणं पण ठरलेलंच."

मॅडमनी त्याला तसाच उभा ठेवला. "लग्न ठरतं तेव्हा ठरवणारे असतात. दोन्हीकडचे काका असतात, एखादी खडूस आत्या असते. तुझं लेट येणं कोणी ठरवलं? नावं सांग, मी बोलते त्यांच्याशी."

पोरगा दाराच्या कडीशी चाळा करू लागला.

"ठरवणारं कोणी नसेल तर ते ठरलेलं नाही रे मेल्या, ते नुसतं झालं. बस खाली."

मुलुंडला आम्ही एकाच सोसायटीत राहायचो. त्या तळमजल्यावर एकट्या, मी वर तिसऱ्यावर, बाबांना घेऊन. एका गणपतीत सेक्रेटरींनी कुणा महाराजांचं प्रवचन ठेवलं. महाराज म्हणाले, "आपण 'माझा हात' म्हणतो, 'माझं डोकं' म्हणतो. म्हणजे हात आणि डोकं ज्याचं आहे तो 'मी' वेगळा. तोच आत्मा." माना डोलल्या. मॅडम पहिल्या रांगेतून म्हणाल्या, "महाराज, आपण 'माझा आत्मा'सुद्धा म्हणतो. मग त्या आत्म्याचा मालक कोण?" महाराजांनी पाणी मागवलं. सेक्रेटरींनी त्यानंतर मॅडमना कार्यक्रमाचं बोलावणं केलं नाही, पण त्या जायच्याच. आता त्या निवृत्त होऊन कुडाळजवळ गावी असतात. तिथल्या भजनी मंडळाची मला काळजी वाटते.

एवढं सगळं मी हसत ऐकायचो, कारण ते दुसऱ्याच्या डोक्यात चाललेलं असायचं. मग, मॅडम अजून मुलुंडलाच होत्या तेव्हा, बाबांना डिमेन्शिया झाला. आधी ते चष्मा विसरले, मग पत्ता, मग आम्हाला. माझा मोठा भाऊ बोरिवलीला. तो दर रविवारी यायचा, तो हळूहळू येईनासा झाला. त्याने कुठल्याशा पॉडकास्टवरून थोडं तत्त्वज्ञान उचललं होतं. फोनवर म्हणाला, "अरे, माणूस म्हणजे त्याच्या आठवणी. त्याच गेल्या ना, मग बाबा पण गेले. जे उरलंय ते नुसतं शरीर आहे यार. त्याला भेटून मी काय करू?" मी फोन ठेवला. बाबांना आंघोळ घालताना मात्र ते वाक्य माझ्या डोक्यात फिरत राहायचं, आणि मी कोणाला आंघोळ घालतोय तेच मला कळेनासं व्हायचं.

एकदा दादा काही कामासाठी आला आणि बूट न काढता दारातच थांबला. आत मॅडम बाबांना सोलकढी-भात भरवत होत्या. मी म्हटलं, बाबांजवळ दोन मिनिटं तरी बस. तो म्हणाला, "काय बसू? ते आता बाबा राहिले नाहीत."

मॅडमचा चमचा थांबला. "कोण राहिले नाहीत?"

"बाबा."

"आणि हे भात खातायत ते?"

"मॅडम, मला काय म्हणायचंय ते तुम्हाला कळतंय."

"कळतंय म्हणूनच विचारते. 'राहिला नाही' आपण दोन प्रकारे म्हणतो रे. माणूस मेला की म्हणतो, 'तो राहिला नाही.' आणि माणूस बदलला की म्हणतो, 'तो पूर्वीसारखा राहिला नाही.' दुसऱ्या वेळी तो असतोच, समोर बसलेला असतो, म्हणून तर आपल्याला त्रास होतो. तुझं झालंय दुसरं, आणि सुतक पाळतोयस पहिल्याचं."

दादाचा चेहरा उतरला. "बाई फार बोलतात," असं मला म्हणून तो लिफ्टची वाट न बघता जिन्याने गेला. मॅडमनी बाबांचं तोंड पुसलं. "जास्त झालं काय माझं?" त्यांनी विचारलं. त्यांना असा प्रश्न पडलेला मी पहिल्यांदाच पाहिला.

बरेच रविवार गेले. मग एका सकाळी दादा आला, बूट काढले आणि बाबांसमोर जाऊन बसला. बाबांनी विचारलं, "आपण कोण?"

"मी तुमचा मोठा मुलगा."

"अरे वा," बाबा म्हणाले. "बसा ना."

त्यानंतर दर रविवारी दादा त्यांची दाढी करायचा. दर वेळी तेच विचारणं, तेच "अरे वा". मी मॅडमना म्हटलं, तुम्ही प्रश्न सोडवलात. त्या म्हणाल्या, "गुंता सोडवला. त्याचं दुःख होतं तिथंच आहे. ते काय मी सोडवणार?"

पुढच्या उन्हाळ्यात बाबा गेले. स्मशानातून परतल्यावर दादा पायऱ्यांवर बसला. मॅडम शेजारी होत्या. तो म्हणाला, "मॅडम, बाबा आता कुठे असतील?"

मी मनात म्हटलं, आता ह्याची धडगत नाही.

मॅडमनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. "पुढे प्रश्नचिन्ह आहे म्हणून तो प्रश्न होत नाही रे," त्या हळूच म्हणाल्या. "हे रडू आहे. रड."

दादा रडला. मी डॉक्टर, अँब्युलन्स, भटजी, फोन सगळं सांभाळून कोरडाठाक उभा होतो. मॅडमनी पदराने नाक पुसलं आणि मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

"तू काय नुसता बघतोस? तुझे पण होते ना ते?"

मी खालच्या पायरीवर बसलो.