झबल्यांखालची फाईल

डॉ. वैशालीनं उजव्या हातात ग्लोव्ह चढवला होता आणि डाव्या हातात चढवत होती. मी दारात उभी होते. मला निघायची घाई होती. मोहोळच्या तिच्या छोट्या नर्सिंग होममध्ये सकाळी एक ठरलेलं सिझेरियन होतं. त्याची भूल देऊन झाली होती, पेशंट वॉर्डात गेली होती आणि दोन वाजता सोलापुरात माझी पुढची केस होती.

"मॅडम, दहाच मिनिटं थांबता का?" वैशाली म्हणाली. "पहिलटकरीण आहे, छत्तीस आठवडे. थोडं ब्लीडिंग होतंय, पण पोटात दुखत नाही म्हणते. आतून तपासून घेते. लागलंच तर तुम्ही आहातच."

मी भूलतज्ज्ञ. सव्वीस वर्षं हेच काम करते आहे. माझं स्वतःचं हॉस्पिटल नाही. ज्यांच्याकडे ऑपरेशन असेल ते फोन करतात आणि मी बॅग घेऊन पोचते, कधी सोलापुरात, कधी मोहोळला, कधी आणखी आडबाजूला. त्यामुळे कुठलं हॉस्पिटल आतून कसं आहे हे मला बऱ्यापैकी ठाऊक असतं. लग्नकार्यात लोक बाजूला घेऊन विचारतात, "सुनेला बाळंतपणाला कुणाकडे दाखवावं?" मी नावं सांगत नाही. मला सगळ्यांकडेच काम करायचं असतं.

"बाळाचं डोकं खाली उतरलंय का?" मी सवयीनं विचारलं.

"नाही ना, अजून वरच आहे. जरा तिरकंच लागतंय हाताला."

माझी बॅग खांद्यावर होती, ती मी खाली ठेवली. न दुखता रक्त जातंय आणि दिवस भरत आले तरी डोकं वरच, या दोन गोष्टी एकत्र आल्या की आमच्या पेशातल्या माणसाच्या मनात एकच शंका येते. वार खाली असेल का? वार म्हणजे बाळाला पोसणारा मांसल गोळा. एरवी ती गर्भपिशवीत वरच्या बाजूला चिकटलेली असते. क्वचित ती खाली, थेट पिशवीच्या तोंडावरच बसते. मग बाळाची बाहेर यायची वाटच बंद होते. अशा बाईला आतून बोटानं तपासलं तर वार सुटू शकते आणि रक्त नळ सोडल्यासारखं वाहतं. काही मिनिटांत बाई हातची जाते, बाळ त्याच्याही आधी.

"सोनोग्राफी?" मी विचारलं.

"सातव्या महिन्यात झालीय म्हणाले. सगळं नीट आहे, रिपोर्ट सासरी मंगळवेढ्याकडे राहिलाय. मी परत लिहून दिली होती, पण करतो करतो म्हणत राहिले." वैशालीचा आवाज जरा उतरला. आपलंही चुकलंय हे तिला बोलता बोलता कळत होतं.

मी खोलीत गेले. टेबलावर विशी-बाविशीची पोरगी आडवी होती. केसपेपरवर नाव होतं सारिका. उशाशी तिची आई कापडी पिशवी छातीशी धरून उभी होती. सारिकानं माझ्याकडे पाहिलं आणि पटकन भिंतीकडे तोंड फिरवलं. लेबर रूममध्ये आजवर माझ्याकडे बघून कुणी तोंड फिरवलेलं मला आठवत नाही. तिथं आलेल्या प्रत्येकाकडे बाई आशेनंच बघते.

"सोलापूरला कुठं दाखवलं होतं का हो?" मी आईला विचारलं.

"न्हाय बा. आमी कशाला जातुय सोलापूरला? पयलं बाळंतपण म्हाईरचं, म्हणून हिकडं आनली. हितं आल्यापासनं ह्याच बाईंकडं दावतुय."

उत्तर फार लवकर आलं. पण मला तरी कुठे काय आठवत होतं? आठवड्याला वीस-पंचवीस बायका माझ्या हाताखालून जातात. चेहरे माझ्या लक्षात राहत नाहीत, हे मी आधीच कबूल करते. लक्षात राहतात ते घसे, दात आणि पाठी, कारण भूल देणारा माणूस तेवढंच बघतो.

वैशाली हातमोजे घालून तयार होती. "मॅडम, बघून घेऊ का मी?"

"थांब."

"मॅडम, पेशंट माझी आहे." ती हळू आवाजात म्हणाली, पण म्हणाली. नर्सिंग होम तिचं, नातेवाईक समोर, आणि बाहेरून आलेली बाई तिला थांबवते आहे. तिच्या जागी मी असते तर मलाही राग आला असता. शिवाय माझी शंका खोटी ठरली असती तर मोहोळचे फोन मला कायमचे बंद झाले असते. हा विचार माझ्या डोक्यात आला होता, तो लपवत नाही.

मी टेबलाच्या पलीकडे गेले, सारिकाच्या तोंडासमोर. "बाळा, जरा कुशीवर होतेस? पाठ बघू दे."

"पाठ कशाला आनि?" आई मध्ये पडली. "पोटाचं बघायचं सोडून पाठ कशाला?"

सारिका मात्र निमूट कुशीवर वळली. कमरेच्या वर, मणक्याला लागून, जुना गोल डाग होता. लहानपणी आजारात तापलेल्या सळईनं दिलेला. सिझेरियनला आम्ही पाठीत सुई देतो, तिथून तो डाग दोन बोटांवर होता. ती सुई कुठून घालायची याचा विचार मी एकदा केलेला होता. पंधरा-वीस दिवसांपूर्वी, सोलापुरात, डॉ. इनामदार मॅडमच्या हॉस्पिटलात. त्यांच्या ठरलेल्या सिझेरियनच्या बायका मी आधी तपासून ठेवते, त्यांतली ही एक होती.

"सारिका," मी म्हणाले, "तुला आणि बाळाला जिवाचा धोका आहे. मी तुला आधी पाहिलंय. खरं काय ते सांग."

ती भिंतीकडे बघतच बोलली. "आई, दे की गं फाईल. ह्याच म्याडमनी माजी पाठ बघितल्ती."

आई हलली नाही. पिशवीवरचे तिचे हात फक्त घट्ट झाले.

"आई, दे म्हणते ना. मला भ्या वाटाय लागलंय."

मग तिनं पिशवी उघडली. वर कुंची, तिच्याखाली नवी झबली, दुपटी, आणि तळाशी इनामदारांच्या हॉस्पिटलची फाईल. वैशालीनं ती घेतली, दुसरं पान उघडलं आणि वाचता वाचता स्टुलावर बसली. वार पिशवीचं तोंड पूर्ण झाकून बसली आहे, सिझेरियनच करावं लागेल, रक्ताची सोय असेल तिथंच, असं सगळं स्वच्छ लिहिलेलं होतं. तिनं हातमोजे काढले आणि टोपलीत टाकले.

"का लपवलीत हो?" तिनं विचारलं.

"लपीवली न्हाय," आई म्हणाली. "जुनी फाईल दावली की नवी डाक्टरीन बी त्येच वाचून सांगती. तुमी तुमच्या नजरंनं बघावं, मंग काय सांगताय ते आयकावं, आसं म्हनलं."

हे मी गावोगाव बघत आले आहे. दुसरं मत घ्यायचं म्हणजे पहिलं मत दडवून ठेवायचं, अशी लोकांची समजूत असते. नव्या डॉक्टरांची परीक्षा घ्यायची, पेपर मात्र आपल्याकडेच ठेवायचा. सर्दी-खोकल्यात ते खपूनही जातं.

पण रागवायला वेळ नव्हता. चादरीवरचा डाग मघापेक्षा मोठा झाला होता. नाडी एकशे आठ.

"इथंच करू का?" वैशालीनं विचारलं. "तुम्ही आहात, टेबल तयार आहे."

"रक्त आहे?"

नव्हतं. रक्त सोलापुरातून मागवायचं म्हणजे तास-सव्वा तास. पोट उघडल्यावर या केसमध्ये तासभर वाट बघता येत नाही. आता रक्त थेंबथेंब जात होतं. तेवढ्यात पेशंटलाच रक्ताकडे न्यायचं, असं आम्ही ठरवलं. वैशालीनं दोन्ही हातांत जाड सुया लावल्या, सलाईन सोडलं. सिस्टरनं ॲम्ब्युलन्स बोलावली. वैशालीची सकाळची पेशंट वॉर्डात होती, म्हणून ती थांबली आणि मी गाडीत चढले. दोनची केस दुसऱ्याला सांगितली.

गाडी हायवेला लागल्यावर मी डॉ. इनामदारांना फोन लावला.

"तुमची सारिका माझ्यासमोर आहे. ब्लीडिंग सुरू झालंय."

"ती? अहो, दोन आठवडे फिरकली नाही. फोन केले तर उचलत नव्हते. मी बजावून सांगितलं होतं तिला की..."

"ओरडा नंतर. चार पिशव्या रक्त तयार ठेवा, टेबल मोकळं ठेवा. अर्ध्या तासात पोचतो."

"तपासलं तर नाही ना कुणी आतून?"

"नाही."

पलीकडून मोठा श्वास ऐकू आला आणि फोन बंद झाला.

टोलनाक्याच्या जरा अलीकडे थेंबांची धार झाली. सारिकाचे ओठ पांढरे पडले. नाडी एकशे तीस, प्रेशर खाली. मी दोन्ही सलाईनच्या पिशव्या हातानं दाबत होते आणि तिला बोलतं ठेवत होते. नवरा कुठे आहे? मेंढरं घेऊन नदीकडं गेलाय. किती मेंढरं? धाकली धरून दीडशे. "म्याडम, बाळ हालंना गेलंय," ती म्हणाली. मी तिच्या पोटावर हात ठेवला. मलाही काही लागलं नाही. "हलतंय," मी म्हणाले. सव्वीस वर्षांत पेशंटशी मी इतकं धडधडीत खोटं क्वचितच बोलले असेन, आणि त्या दिवशी मला त्याचं काही वाटलं नाही. भीती मात्र वाटत होती. पुढच्या सीटवर आई मागे वळून बघतही नव्हती.

पाठीत सुई द्यायला वेळच उरला नव्हता. दारातून थेट टेबलावर घेतली, पूर्ण भूल दिली, आणि इनामदारांनी काही मिनिटांत बाळ बाहेर काढलं. मुलगी. निळसर, लिबलिबीत, आवाज नाही. बालरोगतज्ज्ञ तिच्यावर वाकले. मला वळून बघता येत नव्हतं, कारण इकडे रक्त थांबत नव्हतं. चारच्या पाच पिशव्या लागल्या. "गर्भपिशवी काढावी लागेल बहुतेक," असं इनामदार दोनदा म्हणाल्या आणि दोन्ही वेळा आणखी एक टाका घातला. पाठीमागून कधीतरी बारीक, चिडका रडण्याचा आवाज आला. मग रक्तही मंदावलं. गर्भपिशवी वाचली.

मुलगी चार दिवस काचेच्या पेटीत होती, मग आईजवळ आली. सारिका आठव्या दिवशी घरी जायला निघाली. वैशालीचे फोन मला अजून येतात. सोनोग्राफीचा रिपोर्ट हातात आल्याशिवाय ती आता कुणाला हात लावत नाही, मग नातेवाईक किती का कुरकुरेनात.

लग्नकार्यातल्या लोकांना आता मी एवढं सांगते. नाव विचारू नका, तीन गोष्टी विचारा. अडलं तर सिझेरियन तिथंच होतं का, भूल देणारं माणूस किती वेळात येतं आणि रक्त कुठून येतं. डॉक्टर खुशाल बदला, पण फाईल नव्या डॉक्टरच्या टेबलावर ठेवा.

हे सांगताना मी एक गोष्ट गाळते. ती इथं लिहिते.

सारिका घरी जायच्या दिवशी मी तिच्या आईला विचारलं, "तुम्ही इनामदार मॅडमना सोडून मोहोळला का गेलात? नॉर्मल करून देते म्हणाल्या का वैशाली मॅडम?"

"न्हाय, त्या तसं कायच म्हनल्या न्हाईत," आई म्हणाली. "त्या खुर्ची वडून बसल्या. पोरीला नाव इचारलं, काय खाती इचारलं. हितं मोठ्या बाईंच्या दारात लई गर्दी, त्यांनी लिवून दिलं. मंग म्या तुमास्नी इचारलं की, वार खाली म्हंजी काय वो? शिजर टळंल का? तुमी म्हनला, मोठ्या म्याडमना इचारा. आन् फोन आला तुमाला, तुमी गेला."

मला आठवेना. पण ते खोटं आहे असंही म्हणता येईना. तोंड उघड, पाठ वाकव, त्या दिवशी उपाशी ये, एवढं बोलून मी रोज पुढे जाते.

"पोरगी जाईल, आसं तवा कुनी म्हनलं असतं," ती शांतपणे म्हणाली, "तर म्या कशाला हिंडले असते?"

मी खुर्ची ओढली. डिस्चार्ज कार्डाच्या मागच्या बाजूला पेननं गर्भपिशवी काढली, तोंडावर बसलेली वार काढली, वर अडकलेलं बाळ काढलं. बोट लावलं तर काय झालं असतं ते सांगितलं. पुढच्या खेपेला पहिल्या महिन्यापासून ही फाईल का दाखवायची तेही सांगितलं. सगळं तिला समजलं, एकही शंका उरली नाही. मी घड्याळ बघितलं. सात मिनिटं लागली होती.