खोटं धुराडं

हवेलीचं फाटक सांभाळणाऱ्या मर्टलमावशीला दोन नवरे आहेत, असं गावात येणारा प्रत्येक नवा पोस्टमन सांगत सुटतो. संध्याकाळी ती रस्त्याच्या डावीकडच्या दगडी घरातून चहाचा ट्रे घेऊन निघते आणि उजवीकडच्या घरात शिरते, हे त्यानं डोळ्यांनी पाहिलेलं असतं.

नवरा एकच. एनॉक, सांधे धरलेला, बारमाही कुरकुरणारा. घरही एकच, फक्त हवेलीचे मालक सर ऑब्री यांच्या पणजोबांनी ते मधोमध चिरून फाटकाच्या दोन बाजूंना मांडलं, मागची हवेली उठून दिसावी म्हणून. डावीकडे चूल, उजवीकडे पलंग. खोल्या गोल, त्यामुळे पलंग काही केल्या चुलीशेजारी मावत नाही. छपरांवर धुराडी मात्र सारखी. उजवीकडचं शोभेचं, आतून भरीव दगड.

"गारठून मरतोय गं मी," एनॉक म्हणतो. "चहासुद्धा गार."

"रस्ता ओलांडून आलाय तो. तू ओलांडून बघ."

यंदा तिनं उजवीकडे शेगडी मागितली. सर ऑब्री नाकातून बोलले (हे मला हुबेहूब जमतं), "धुरानं दगड काळा पडेल, मिसेस हॉस्किन्स. दोन्ही बाजू सारख्या दिसायला हव्यात."

"डावी बाजू काळीच आहे, सर. सारखंच हवं तर उजवी काळी करा."

"बघू."

"नाताळाआधी तिथून धूर निघाला, तर मी महिनाभर तुझी नक्कल करणार नाही," मी मावशीला म्हटलं.

"एनॉकची पण," ती म्हणाली.

सर ऑब्रींच्या घराण्यात स्वतःचं फाटक कुणी कधी उघडलेलं नाही. त्यांची गाडी दिसली की मावशी ट्रे उचलायची.

"फाटक, मिसेस हॉस्किन्स!"

"दोन्ही हात अडकलेत, सर. चहा गार होतो, तेवढा पोचवून येते."

आणि ती अशी चालायची, की गोगलगाय पुढे जावी. मग एनॉक साखर कमी आहे म्हणायचा. मग ती साखर आणायला परत. एकदा शिकारीला आलेले पाहुणे पावसात उघड्या गाडीत ताटकळले, तेव्हा हवेलीवरून उजवीकडचं धुराडं पोखरायला गवंडी आला.

नाताळाच्या आधीच्या रविवारी खोट्या धुराड्यातून खरा धूर निघाला. एनॉक म्हणाला, "फार उकडतंय गं."

मी त्याच्यासारखं कुरकुरायला तोंड उघडलं. मावशीनं नुसतं माझ्याकडे पाहिलं. मी मिटलं.