गोठ्यातला पाऊस

आमच्या गोठ्यातून मशरूम किती निघाले ते विचारू नका. किस्से मात्र पोत्याने निघाले! कोणी चहाला आलं की आमचा जनूच सुरू करतो, "भाऊ, तो धुराचा सांग ना!" सांगून सांगून मला कंटाळा आलाय. पण तुम्ही आलाच आहात, तर ऐका.

आधी थोडी मागची हकिकत. बारा वर्षं मी मुरबाडला एका कारखान्यात शिफ्ट केली. आमचं गाव किन्हवलीच्या पलीकडे. दोन एसट्या बदलून जायचं, दोन बदलून यायचं. घर म्हणजे पाठ टेकायची जागा झाली होती. खरंच सांगतो, थकलो होतो. दसऱ्याला नोकरी सोडली आणि रिकाम्या गोठ्यात मशरूमची खोली बांधायला घेतली. सुपरवायझर भला माणूस. म्हणाला, "पौषात म्हशाची जत्रा भरते, तोपर्यंत तुझी जागा राखतो. नाय जमलं तर गुपचूप परत ये."

म्हणजे जत्रेपर्यंत मशरूम, नाहीतर पुन्हा फर्स्ट शिफ्ट.

काम ऐकायला सोपं आहे. भाताचा पेंढा उकळायचा, निथळायचा, बियाणं घालून पिशव्यांत भरायचा. पिशव्या आतून पांढऱ्या झाल्या की त्यांना चिरा पाडून दमट खोलीत टांगायच्या. बास! ती खोली बांधता बांधता माझा जीव गेला, ते सोडा.

आईचं मत पहिल्या दिवसापासून ठरलेलं होतं. रानातली अळंबी तिने जन्मभर खुडली आहे. ती म्हणाली, "ईज कडाडल्याशिवाय अळंबी निघत नाय. तुज्या प्लास्टिकात ईज कुठून येनार?"

मी म्हटलं, "आय, हे सायन्स आहे."

"मंग सायन्सला सांग कडाडायला!"

*

जनू माझा चुलतभाऊ. वायरिंग करतो, म्हणून सगळंच करतो. बांबू ठोकून, वरून प्लास्टिक ताणून त्याने खोली अशी बंद केली की स्वतःच खूश. "भाऊ, माशीसुद्धा जायची नाय!"

माशी गेली नाही. हवाही गेली नाही. पंधरा दिवसांनी मशरूम आले ते वीतभर लांब दांडे आणि वर शर्टाच्या बटणाएवढी टोपी. मोकळी हवा नसली की असंच होतं, हे मला नंतर कळलं.

माझी बायको वंदना एक जुडी हातात घेऊन बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "अवो, याची भाजी करू का झाडू बांदू?"

आईने दुरूनच निकाल दिला. "ही अळंबी नाय. घुसमटून भाईर पलालीत बिचारी!"

*

हवा हवी म्हणून जनूने जुन्या कूलरचा पंखा बसवला. बसवला उलटा. आतली हवा बाहेर टाकायच्या ऐवजी तो बाहेरची आत ओढायला लागला. आणि बाहेर, बरोबर पंख्याखाली, आईची आंघोळीचं पाणी तापवायची चूल!

आठवडाभर रोज सकाळी खोली धुराने भरत होती आणि मी ते धुकं समजून खूश होतो. दमटपणा छान धरलाय म्हणून वंदनाला फोटोसुद्धा दाखवले. मशरूम तपकिरी झाले, कडा वळल्या, तेव्हा कुठे वास आला. मी पायरीवर डोकं धरून बसलो. दुसरा घाणाही गेला होता.

जनू शेजारी येऊन बसला. हळूच म्हणाला, "भाऊ, टोकावड्याच्या ढाब्यावर विचारू का? तंदुरी म्हनून घेतील!"

*

तिसऱ्या खेपेला खरंच बरं चाललं होतं. पंखा सुलटा, चूल परसात, भिंतींना ओली गोणपाटं. सगळी आळी बघायला आली. आता आमच्याकडे कोवळ्या काकडीला, दुधीला, अळंबीला कोणी बोट दाखवत नाही. दाखवलं की ती कुजतात. त्यामुळे बायका रांगेने येऊन मूठ वळून दाखवत होत्या, कोणी हनुवटीने, कोणी कोपराने. "ते बग गो, त्या कोपऱ्यातलं!"

तेवढ्यात वंदनाचे मामा आले. शहाण्या माणसाने सरळ तर्जनी लावली आणि म्हणाले, "हे मोठं झालंय."

आठ बायका एकदम ओरडल्या, "बोट चावा! बोट चावा!"

बोट दाखवलंच तर स्वतःचं बोट चावायचं, म्हणजे दोष जातो. साठ वर्षांच्या मामांनी सगळ्यांसमोर बोट चावलं. तरी चार दिवसांत पिशव्यांवर हिरवी बुरशी धरली. पेंढा नीट उकळला नव्हता, चूक माझीच होती. मी आईला तसं समजावूनही सांगितलं.

तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "पाव्हन्यानं बोट नीट चावलं नाय. मी बगत होते."

*

चौथ्या खेपेच्या पिशव्या दुधासारख्या पांढऱ्या झाल्या आणि तशाच राहिल्या. बारा दिवस काही नाही. जत्रा तोंडावर आली. रविवारी सुपरवायझरचा फोन येणार होता. बुधवारी मी कारखान्याचा युनिफॉर्म धुऊन दोरीवर टाकला, बूट पुसले. वंदनाने माझा जुना डबा माळ्यावरून काढून घासून ठेवला, तेव्हा मात्र मला रडू आलं.

दुपारी पडवीत आडवा झालो होतो. एकदम गोठ्यात असा दणका झाला की मी ताडकन उठलो. वाटलं, छप्पर पडलं! धावत गेलो.

आत आई गायीच्या आंबोणाची जुनी पत्र्याची पाटी उलटी टांगून लाकडी दांडक्याने बडवत होती. जनू बटणापाशी उभा राहून ट्यूबलाइट चालू-बंद, चालू-बंद करत होता. वंदना पाठीवर फवारणीचा पंप घेऊन पिशव्यांवर पाणी मारत होती. तिघंही नखशिखान्त भिजलेली.

मी दारातच उभा राहिलो. आईने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"जोरात मार गो! ह्यो काय श्रावनाचा पाऊस हाय? आनि जनू, आदी उजेड, मंग आवाज! तुला येवडं कळत नाय?"

मी परत येऊन पडलो. हसायचंही त्राण नव्हतं.

गुरुवारी पाऊस झाला. शुक्रवारी झाला. शनिवारी दोनदा झाला.

रविवारी सकाळी गोठ्यात गेलो तर एकूण एक पिशवीच्या चिरेत टाचणीच्या डोक्याएवढे करडे दाणे. शेकड्यांनी! माझं बोट वर गेलं होतं, ते मी तिथल्या तिथे मुठीत धरलं.

तेवढ्यात फोन वाजला. सुपरवायझर.

"काय रे, उद्या फर्स्ट शिफ्टला येतोस ना?"

मी काही बोलणार इतक्यात ट्यूबलाइट लखलखली आणि माझ्या मागे पाटी कडाडली.

"कसला आवाज रे?"

"साहेब, आमच्याकडे पाऊस लागलाय," मी म्हटलं. "उद्या नाय जमणार यायला."

"म्हशाच्या जत्रेला पाऊस?"

"आणि परवाही नाय जमणार. तुमी ती जागा देऊन टाका कोणाला तरी."

फोन खिशात टाकला. वंदनाने पंप थांबवून माझ्याकडे बघितलं. तिच्या हनुवटीवरून पाणी ठिबकत होतं. आईने दांडकं खाली ठेवलं, कोपऱ्यातलं सूप उचललं आणि माझ्या हातात दिलं.

"हुबा काय ऱ्हायलास? वारा कोन घालनार?"