कोचच्या आईची चौकशी

माझा मुलगा युनिव्हर्सिटीत असतो, असं मी लोकांना नऊ वर्षं सांगत आले. यात एक अक्षर खोटं नाही. ऐकणारे मनातल्या मनात त्याला प्रोफेसर करून टाकायचे, त्याला मी काय करू? इथे अमेरिकेत, आमच्या आयसेलिन गावच्या किराणा दुकानात भेटणाऱ्या एका काकूंनी तर त्याचा विषयही ठरवून टाकला होता: फिजिक्स. मी नुसती मान हलवली.

खरं म्हणजे तो फुटबॉल शिकवतो. आपला पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे, हेल्मेट घालून एकमेकांच्या अंगावर धावून जायचा तो अमेरिकन प्रकार. बरं, स्वतः मोठा खेळाडू म्हणावं, तर हायस्कूलची चार वर्षं राखीव खेळाडूंच्या बाकावर बसून काढलेली. इंजिनिअरिंगला गेला, तिथे टीमचे व्हिडिओ काढायला लागला. डिग्री हातात पडली आणि जेवताना म्हणाला, "आई, मला कोच व्हायचंय."

"हो का? आणि पोटापाण्याला काय करणार?" मी म्हटलं.

कोच होण्याची तऱ्हाच न्यारी. आधी दोन वर्षं असिस्टंट म्हणून राबायचं, म्हणजे मोठ्या कोचला कॉफी आणून द्यायची आणि दुसऱ्या टीमचे व्हिडिओ डोळे फुटेस्तोवर बघायचे. मग तेच काम नव्या हुद्द्याने करायचं. त्यात टीम हरली की मुख्य कोचला डच्चू, आणि त्याच्याबरोबर हाताखालच्या सगळ्यांना. पेनसिल्व्हेनिया झालं, कॅन्सस झालं, टेनेसी झालं, अजून एक कुठलंसं झालं, आता आयोवा. मी दिलेल्या प्रेशर कुकरने पाच राज्यं पाहिली. माझ्या वहीतलं त्याच्या पत्त्याचं पान खोडून खोडून फाटलं. एकतीस वर्षांचा घोडा, अजून बिऱ्हाड पाठीवर!

मागच्या हिवाळ्यात त्याच्या मुख्य कोचने त्याला स्पष्टच सांगितलं. ओहायोत एक मुलगा आहे, दार भरून जाईल एवढा. सगळ्या कॉलेजांचा त्याच्यावर डोळा. त्याला आपल्याकडे आणलंस तर पुढच्या सीझनला तू पक्का कोच, नाहीतर दुसरीकडे बघ.

आता या धंद्यातली एक रीत. चांगला खेळाडू हवा असेल तर कोचने त्याच्या घरी जायचं, स्वयंपाकघरात बसायचं, त्याची आई वाढेल ते खायचं आणि तिची समजूत घालून कागदावर सही घ्यायची. आपल्याकडे मुलगी मागायला जायचे ना, तसं इथे मुलगा मागायला जायचं. आमचे चिरंजीव दोनदा जाऊन आले. मुलगा तयार, बाप तयार, आई मात्र हलेना. तिसऱ्यांदा गेला तेव्हा ती म्हणाली, "माझं घर तू पाहिलंस, माझी माणसं पाहिलीस. तुझं मी कोण पाहिलंय? तुझ्या आईला फोन लाव."

रविवारची दुपार होती. मी साबुदाणा वडे तळत होते. फोनवर लेक म्हणाला, "आई, त्या मुलाच्या आईला तुझ्याशी बोलायचंय. माझा जॉब यावरच अवलंबून आहे. फक्त छान बोल, प्लीज."

छान बोल म्हणे! मी काय भांडते का लोकांशी?

बाई गोड होत्या. पहिलंच वाक्य, "तुमचा मुलगा फार चांगला आहे हो."

आता मला सांगा, तोंडावर कुणी आपल्या लेकराचं कौतुक केलं तर आपण काय म्हणतो? "कसलं काय!" दुसरं काही येतं का तोंडात? कौतुकाला हो म्हटलं की लोक म्हणणार शेफारली, शिवाय दृष्ट लागायची ती वेगळीच. माझी जीभ आपोआप चालू झाली, तीही इंग्रजीत. "छे हो, कसला चांगला! वेळेवर जेवत नाही. हट्टी तर इतका, कुणाचं ऐकेल तर शपथ. दोन पायांत दोन रंगांचे मोजे घालतो."

समोर आमचे हे पेपर टाकून दोन्ही हात जोरजोरात हलवायला लागले. मला वाटलं तेल फार तापलंय. मी गॅस बारीक केला आणि पुढे चालू.

"आणि येतो म्हणून सांगतो आणि येत नाही. सख्ख्या बहिणीच्या साखरपुड्याला आला नाही!"

बाईंनी विचारलं, "का नाही आला?"

"कारण काय तर टीममधल्या एका मुलाचा पाय मोडला. त्याची आई टेक्ससला, तिला विमान मिळेना. हा हॉस्पिटलात त्याच्यापाशी बसून राहिला. दोन दिवस! इथे साठ माणसं जमलेली, व्याही विचारतायत भाऊ कुठे, आणि हा मला सांगतो, त्याची आई येईपर्यंत मी उठणार नाही. महिनाभर बोलले नाही मी त्याच्याशी."

"आणि ती आल्यावर?"

"तेव्हा उठला."

बाई हळूच म्हणाल्या, "तुम्ही अजून रागावलेल्या आहात त्याच्यावर?"

मी पुन्हा "कसलं काय" म्हणणार होते, पण तसं म्हणवेना. साठ माणसांपुढे माझी फजिती झाली म्हणून मी रागावले होते. त्या टेक्ससच्या बाईचा मात्र मी एकदाही विचार केला नव्हता. आणि नऊ वर्षं माझ्या पोराचं काम मी लोकांपासून लपवत होते. लाज वाटली मला, माझीच.

मी गॅस बंद केला. म्हटलं, "नाही हो. आणि एक ऐका. तुमचा मुलगा मैदानात पडला ना, तर तुम्ही पोचेपर्यंत माझा मुलगा त्याच्याजवळून उठणार नाही. एवढं मी लिहून देते."

तिकडे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. बाई दुसऱ्याच कुणाला तरी म्हणाल्या, "पेन आण रे."

"कुणाशी बोलताय?" मी विचारलं.

तर माझ्या लेकाचा आवाज आला, पार घोगरा झालेला. "आई, फोन पहिल्यापासून स्पीकरवर आहे."