रफीकभाऊंचं स्लो मोशन

आधी माफी मागतो. गेलेल्या माणसावर जवळच्यांनी लिहावं, नाहीतर नाव असलेल्यांनी. मी दोन्हीत बसत नाही. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, आमच्या घरातून कॉलेजात आलेला पहिलाच, आणि परीक्षेच्या पेपराबाहेर इतकं लांब कधी लिहिलेलं नाही. रफीकभाऊही काही मोठे माणूस नव्हते. एटापल्लीत लग्नाची शूटिंग आणि मिक्सिंग करायचे, एवढंच. त्यांना जाऊन दीड महिना झाला. कोणी काही लिहिलं नाही, म्हणून... चुकलं तर समजून घ्यावं.

आमची ओळख भांडणातून झाली. म्हणजे भांडायला मला पाठवलं होतं. आमचं गाव एटापल्लीच्या पुढे, जंगलात. माझ्या चुलतभावाच्या लग्नाची शूटिंग भाऊंनी केली होती, आणि व्हिडिओ आला त्या दिवशी अख्खं गाव गोटुलासमोर, म्हणजे आमच्या सभाघरासमोर जमलं. हळद, जेवणं, पाहुणे, सगळ्यावर लोक खूश होते. मग रेला नाच आला. भाऊंनी तो पहिल्यापासून शेवटपर्यंत स्लो मोशनमध्ये टाकलेला, आणि खाली ढोलाचा आवाज मात्र नेहमीच्या वेगाचा. ढोल पळतोय आणि पाय हवेतच. आधी पोरं हसली, मग बाया हसल्या, आणि मग माझे काका उठले आणि त्यांनी टीव्हीच बंद केला. तो ढोल काकांनी वाजवलेला होता. "माझ्या ढोलावर असे पाय कोणी टाकले?" एवढंच बोलले ते. मला मराठी नीट बोलता येतं, म्हणून दुसऱ्या दिवशी मला बसमध्ये बसवून दिलं.

दुकानात पोचेपर्यंत माझी हिंमत अर्धी झाली होती. "भाऊ, काका म्हणतात, तुम्ही नाच बिघडवला."

"बिघडवला? अरे बावा, स्लो मोशन आहे थे! चंद्रपूरवाले मांगून मांगून टाकून घेते."

"आमच्यात ठेक्यावर पाय नाही पडला तर त्याला नाच म्हणत नाहीत, भाऊ. आजारी माणसं चालल्यासारखं दिसतं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, हेडफोन चढवला आणि नाच लावला. थोड्या वेळात त्यांचे खांदे हलायला लागले, मग स्टूलही हलायला लागलं. "खरंच बे! पूरं गाव बुखारात नाचून राह्यलं!"

नाच त्यांनी तिथेच दुरुस्त केला आणि स्वतः गाडी काढून, मला मागे बसवून गावात दाखवायला आले. काकांच्या शेजारी जमिनीवर बसले. नाच संपल्यावर काकांनी त्यांच्या हातात ढोल दिला. भाऊंनी तो जो काही बडवला... काका म्हणाले, "ह्याला ठेका कळला, पण फक्त डोळ्यांनी." भाऊ हे वाक्य पुढे प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायचे. आणि त्यांच्या कॉम्प्युटरवर, भिंतीला, एक कागद चिकटला: 'ढोल वाजते तिथी हात लावाचा नाई.'

सुट्टीत गावी जाताना मग मी त्यांच्या दुकानात थांबू लागलो. एक तास म्हणून जायचो आणि शेवटची बस गाठायला पळायचो. स्लो मोशनचा उस्ताद असलेला हा माणूस स्वतः मात्र भलताच घाईचा. चहा दोन घोटांत, जेवण पाच मिनिटांत. भाभी म्हणायच्या, "ह्यायले कोनी तरी स्लो करा हो." दुकानातल्या कामात मात्र ते एकेक फ्रेम पुढे सरकवत बसायचे. सगळी मंगलाष्टकं त्यांना पाठ होती. एकदा त्यांनी मला 'सावधान' हा शब्द चौपट हळू करून ऐकवला. म्हैस हंबरल्यासारखा आवाज आला. शेजारच्या पानठेल्यावरून विचारणा झाली, "रफीक, कोणाची म्हैस घेतली रे?"

हळू करणं म्हणजे नुसता वेग कमी करणं, असं मला वाटायचं. मला ते 'कालेज' म्हणायचे. त्यांनी समजावलं ते असं. "सेकंदात पंचवीस फोटो असते, कालेज. तू त्यायले ताणलं, तर मधातले फोटो कुठून आणशीन? मंग कॉम्प्युटर आपल्या मनानं बनवते. वरणात पाणी टाकलं तर वरण वाढते, डाळ नाई वाढत." असंच ताणून त्यांनी जिवतीच्या एका नवरीला सहा बोटं आणली होती. सासूचा फोन आला, म्हणे आम्ही नवरी पाहिली तेव्हा बोटं पाचच होती. "म्हणून सांगतो, जे हळू पाहाचं आहे, त्याचे फोटो आधीच जास्त घ्या लागते. नंतर रडून काई होत नाई."

अक्षता मात्र ते दरवेळी हळूच दाखवायचे. म्हणायचे, "डोक्यावर पडेपर्यंत अक्षता कोणी पाह्यते का? नवरा-नवरीबी नाई पाहात. मग मी दाखवतो त्यायले."

यंदा बीज पंडुमाला, म्हणजे पेरणीआधीच्या आमच्या बियाण्याच्या सणाला, त्यांनी मला आपला जुना कॅमेरा दिला. मी गावचा सण शूट केला आणि स्वतः जोडला, सात मिनिटांचा. नाचाला हात लावला नाही. फक्त एक जागा हळू केली. नाच सुरू व्हायच्या आधी काका ढोल जाळावर शेकत होते, चामडं ताणलं जावं म्हणून. तेव्हा आई अंबाड्यात फणी खोवत होती. मी कॅमेरा धरलाय हे तिच्या लक्षात आलं आणि ती तोंडावर हात ठेवून हसली. त्याचे फोटो मी आधीच जास्त घेतले होते. तरी भीत भीत, थोडंसंच हळू केलं.

मनात ठरवलं होतं की भाऊ 'बरं आहे' म्हणाले तर पुढे हेच काम शिकायचं. नाही म्हणाले, तर काका म्हणतात तशी पोलीस भरतीची तयारी करायची. हे मी फोनवर त्यांना सांगितलंही. ते म्हणाले, "पाठव. खोटं नाई बोलणार, आधीच सांगून ठेवतो."

मोबाईलवरून पाठवलेला व्हिडिओ त्यांना चालायचा नाही, धुतलेला चहा म्हणायचे त्याला. म्हणून पेनड्राइव्ह काडेपेटीत घातला, वरून रबर लावलं आणि एसटीच्या कंडक्टरजवळ दिला. आमच्याकडे औषधं, कागदपत्रं, सगळं असंच जातं. मग मी रोज टेकडीवरच्या दगडाजवळ जाऊन फोन लावत होतो, कारण गावात रेंज तिथेच मिळते. भाऊंचा फोन आधी लागेना, मग बंदच येऊ लागला. आठव्या दिवशी त्याच कंडक्टरनं खिडकीतून सांगितलं, "तो शूटिंगवाला रफीक गेला ना. हार्ट अटॅक. चार दिवस झाले." मी खुळ्यासारखं विचारलं, "काडेपेटी?" तो म्हणाला, दुकान बंद होतं, पानठेल्यावर ठेवली.

भेटायला गेलो तेव्हा भाभींसमोर पेनड्राइव्हचं कसं विचारणार? विचारलं नाही. भरतीचा फॉर्म आणला, तो अजून कोराच आहे.

परवा त्यांची मुलगी नाझिया हिचा फोन आला, तुमच्याजवळच्या कॅमेऱ्याची बॅग दुकानातच राहिली आहे, घेऊन जा म्हणाली. गेलो. स्टूल तिथेच होतं, भिंतीवर तो कागदही होता. माझा पेनड्राइव्ह कॉम्प्युटरला लावलेला, आणि रबर माउसला गुंडाळलेलं.

"पानठेल्यावाल्या काकांनी घरी आणून दिलं होतं," नाझिया म्हणाली. "अब्बा लगेच इथी येऊन बसले. तीनदा पाह्यलं. जायच्या आदल्या दिवशी. नंतर तुमाले किती फोन लावले दादा, लागतच नाई."

"काही बोलले?"

"ढोल आला तं म्हणे, 'हात नाई लावला पोट्ट्यानं.' लय खूश झाले. मंग तुमची आई आली ना, फणीवाली... तिथी थांबवलं. म्हणे, फोन लागला की सांग त्याले."

"काय सांग?"

"'फोटो भरपूर आहेत तुयाजवळ. भेला काऊन? इथी अजून थोडं हळू चाललं असतं.'"