मलेशिया पडला

आमच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या करडीचा घाणा. धारूरच्या बाजाराला येणारे लोक आमच्याकडून किटलीत तेल नेत. दर सोमवारी घाण्यातलं पहिलं तेल महादेवाच्या दिव्याला जाई. ते नेणं माझ्याकडं होतं. तिथं कुणाशी बोलावं लागत नसे, म्हणून मला ते काम आवडे.

दुकानात फोन आला तेव्हापासून आमचे हे रोज सकाळी लातूरच्या व्यापाऱ्याला भाव विचारू लागले. एकदा म्हणाले, "आज मलेशिया पडला."

सासूबाईंनी विचारलं, "लई लागलं का? आडत्या हाय का त्यो?"

"माणूस न्हाई माय, देश हाय. समुद्रापल्याड. तिथून पामतेल येतंय, त्याचा भाव पडला."

"मंग त्यो पडला तर तुला कावून पडलंय?"

हे हसले. मला हसू आलं नाही. शेजारच्या रानातली करडी महाग आणि जहाजानं आलेलं तेल स्वस्त, हे कसं? यात काहीतरी गोम आहे, असं वाटत राहिलं.

पुढं घाणा आठवड्यातून दोनच दिवस फिरू लागला, तरी तेल पहिल्याइतकंच विकलं जाई. मागच्या खोलीत पत्र्याचे डबे आले. त्यांवर पोतं टाकलेलं असे. मी विचारलं नाही.

पौषातल्या एका सोमवारी घाणा बंद होता, म्हणून दुकानातल्या तेलानं किटली भरली. देवळात ती वाकडी केली, तर धारच पडेना. आत पांढरं, तुपासारखं. गुरव म्हणाला, "वहिनी, करडी कधीपासून गोठाया लागली?" मागं दोन बायका उभ्या होत्या. त्या किटलीत डोकावून गेल्या.

घरी येऊन मी किटली ह्यांच्यापुढं ठेवली.

"पामतेल मिसळलं न्हाई तर ह्या भावात परवडत न्हाई," हे म्हणाले. "घाणा बंद करावा लागंल."

"मग सांगून विका."

दुकानाबद्दल मी बोललेलं ते पहिलंच वाक्य.

दुसऱ्या दिवशी ह्यांनी दोन डबे वेगळे मांडले, एक करडीचा, एक पामचा. देवळात दिसलेल्या दोघींपैकी एक आली. तिनं दोन्ही तेलं तळहातावर घेऊन हुंगली, मग माझ्याकडं पाहिलं.

"आता ह्यातलं खरं कोन्तं, ह्ये बी तुमीच सांगनार न्हवं?"

तिनं पामतेल घेतलं. दिव्यालासुद्धा करडी मागितली नाही.