आईच्या तिकिटावर

माझी आई कल्याणजवळ मोहन्याच्या एका शाळेत बत्तीस वर्षं इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवत होती. दर वर्षी संसदेचा धडा आला की ती फळ्यावर संसद भवन काढायची. आधी एक मोठा गोल, मग त्याच्या कडेने खांब. तिचा गोल कंपासने काढल्यासारखा यायचा, याचा तिला अभिमान होता. एकदा आठवीतल्या एका मुलीने विचारलं, बाई, तुम्ही आत गेलायत का? आई म्हणाली, नाही. मग बाहेरून तरी बघितलंय का? आईने तेही नाही म्हणून सांगितलं. हा किस्सा ती घरी हसून सांगायची, पण इतक्या वेळा सांगायची की तिला तो लागला होता हे कळायचं.

दिल्ली राहून गेली, त्याला कारणं नेहमीचीच होती. आम्ही लहान होतो तेव्हा मे महिना बाबांच्या गावी, कोकणात जायचा. आम्ही मोठे झालो तेव्हा कर्ज काढून डोंबिवलीशेजारी कोपरला फ्लॅट घेतला होता. ती निवृत्त झाली आणि दुसऱ्याच वर्षी बाबांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं जड झालं. सकाळी अंघोळ घालायला एक बाई यायच्या, बाकी चोवीस तास आई. अशी चार वर्षं गेली.

मी डोंबिवलीत पूर्वेला एकटी राहते. लग्न केलं नाही. ठाण्यात एका विमा कचेरीत नोकरी करते आणि दर रविवारी कोपरला जाते. धाकटा भाऊ ठाण्यात घोडबंदर रोडला बायकोसोबत राहतो. तीन वर्षांपूर्वीच्या एका रविवारी भांडी विसळता विसळता मी आईला म्हणाले, चल, चार दिवस दिल्लीला जाऊन येऊ. मीही दिल्ली पाहिली नव्हती. आई म्हणाली, ह्यांना कोण बघणार? मी तिथूनच भावाला फोन लावला. तो म्हणाला, त्यात काय ताई, मी येऊन राहतो, लॅपटॉप घेऊन येतो, घरून काम करतो. एका मिनिटात प्रश्न सुटला. आईने हात पुसले आणि ती खुर्चीवर बसून राहिली. तिला इतकं सोपं असेल असं वाटलं नव्हतं.

त्यानंतर महिनाभर ती जशी होती, तशी मी तिला कधी पाहिली नव्हती. तिने शाळेच्या वेळापत्रकासारखे रकाने आखले. सोमवारी लाल किल्ला आणि संग्रहालयं बंद असतात, म्हणून मंगळवारी दुपारी कल्याणहून गाडी पकडायची, बुधवार, गुरुवार, शुक्रवार फिरायचं आणि शुक्रवारी संध्याकाळी परतीची गाडी. राष्ट्रपती भवन बघायला आधी नाव नोंदवावं लागतं, तेही तिने कुठून तरी शोधून काढलं. मी तिचं आणि माझं नाव नोंदवलं. मेट्रोचा नकाशा मी छापून दिला होता, त्यातली स्टेशनं ती पाठ करायची आणि रविवारी मला विचारायला लावायची. राजीव चौकात गाडी बदलायची, हे तिने मला चार वेळा सांगितलं. नवीन संसद तिला फारशी बघायची नव्हती. ती गोल इमारत दिसली पाहिजे, बाहेरून का होईना, एवढंच म्हणायची.

गुडघे दुखतात म्हणून तिने सराव सुरू केला. दुपारी बाबा झोपले की ती कोपर स्टेशनच्या पुलावर जायची आणि जिने चढायची-उतरायची. आधी दोनदा, मग पाचदा. पायात नवे कोरे स्पोर्ट्स शूज, वर साडी. खालच्या मजल्यावरच्या काकू हसल्या, तर त्यांनाही म्हणाली, दिल्लीत खूप चालावं लागतं हो.

बाबांना मात्र आम्ही उशिरा सांगितलं, ही आमची चूक. मग त्यांनी जेवण कमी केलं. तोंडात घास धरून बसायचे. कपडे जास्त वेळा खराब व्हायला लागले. मुद्दाम होतं की काळजीने, कोण सांगणार? एका रविवारी मी समोर असताना ते आईला म्हणाले, शब्द तुटत होते पण समजले, "मी असा पडलोय आणि तुला कुतुबमिनार सुचतोय."

आईने त्यांचं तोंड पुसलं. म्हणाली, "चारच दिवस. मुलगा आहे ना तुमच्याजवळ."

निघायला सहा दिवस उरले असताना भावाचा फोन आला. त्याला ऑफिसने हैदराबादला जायला सांगितलं होतं, नेमक्या त्याच आठवड्यात. त्याच्या बायकोला बाबांना उचलणं जमणार नव्हतं, आणि तिने करावं असं आम्हालाही वाटत नव्हतं. मी रुग्णसेवेच्या एका ब्युरोतून माणूस शोधला. तो घर बघायला म्हणून तासभर आला. चांगला होता, हळू बोलणारा. पण त्याने हात लावताच बाबा रडायला लागले, लहान मुलासारखे, मोठ्याने. आईने त्या माणसाला चहा दिला, दारापर्यंत सोडलं आणि परत येऊन बाबांना सांगितलं की मी कुठे जात नाहीये. त्या दिवशी बाबा दोन पोळ्या जेवले.

तिकिटं रद्द करायचं माझ्याच्याने होत नव्हतं. आज करू, उद्या करू म्हणून राहिली. शनिवारी, निघायच्या तीन दिवस आधी, भावाचा पुन्हा फोन. हैदराबाद रद्द झालं होतं. मी कोपरला धावले आणि आईला म्हणाले, आता चल. ती भाजी निवडत होती. म्हणाली, त्यांना नाही म्हणून सांगून बसले, आता पुन्हा सांगवत नाही, परत तेच सगळं सुरू होईल. मी दोनदा-तीनदा म्हटलं. तिने मान हलवली. मग थोड्या वेळाने, वर न बघता, म्हणाली, "माझं तिकीट त्याच्या नावावर होतं का बघ. तुम्ही दोघं जाऊन या."

भावाने फोनवर एकदाच विचारलं, आईला चालेल ना? मग म्हणाला, ती स्वतः म्हणतेय तर जाऊ ना ताई, मी पण कुठे बघितलीय दिल्ली.

तिकीट सख्ख्या नात्यातल्या माणसाच्या नावावर करता येतं. आईने अर्ज स्वतः लिहिला. शिक्षिकेचं अक्षर, समास सोडून, खाली सही. माझ्या तिकिटावर माझा मुलगा प्रवास करणार आहे, तरी परवानगी मिळावी. रविवारी मी तो अर्ज आणि रेशन कार्डाची प्रत घेऊन कल्याणच्या आरक्षण खिडकीवर गेले. खिडकीतल्या बाईंनी वाचून विचारलं, आई येत नाहीयेत का? मी म्हणाले, तब्येत बरी नाही.

आता जे सांगायचं ते मी कुणाला सांगितलेलं नाही. त्या अर्जात आईच्या जागी माझं नाव घातलं असतं तरी काम झालं असतं. माझ्या तिकिटावर भाऊ गेला असता, आई आपल्या तिकिटावर गेली असती आणि बाबांजवळ मी राहिले असते. बाबांना माझ्या हातचं चालायचं. आईला डेंग्यू होऊन ती पाच दिवस दवाखान्यात होती तेव्हा त्यांचं सगळं मीच केलं होतं, आणि ते रडले नव्हते. हे मला शनिवारी भाजी निवडायला तिच्यासमोर बसले तेव्हाच सुचलं होतं. मी म्हणाले नाही. मलाही जायचं होतं. महिनाभर मीही ते रकाने बघत होते, रजा घेतली होती, नवीन बॅग आणली होती. आणि आत कुठेतरी असंही होतं की दर रविवार मीच देते, भाऊ कधी देतो? आईने अर्ज लिहायला घेतला तेव्हा मी पेन शोधून दिलं.

दिल्लीत पहिला दिवस आम्ही आईच्या कागदाप्रमाणे फिरलो. दुसऱ्या दिवशी भावाला सकाळी उठायचा कंटाळा आला. राष्ट्रपती भवनाच्या फाटकावर त्याला आत सोडलं नाही, कारण नाव आईचं नोंदवलेलं होतं. मी एकटी आत गेले आणि त्या मोठाल्या दालनांतून लोकांच्या मागे मागे चालत राहिले. बाहेर आले तर तो म्हणाला, काही विशेष मिस नाही ना केलं मी? तिसरा दिवस त्याने करोलबागेत खरेदीत घालवला.

गोल इमारत लांबून दिसली, अडथळे लावलेल्या रस्त्याच्या पलीकडून. पोलीस कुणाला थांबू देत नव्हता. मी चालता चालता आईला व्हिडिओ कॉल लावला आणि फोन तिकडे वळवला. आईचा अर्धाच चेहरा दिसत होता. मागून बाबांनी काहीतरी विचारलं, तिने सांगितलं, मुलं दिल्लीला आहेत. मग मला म्हणाली, "छान आहे. उन्हात उभी राहू नकोस." आणि ठेवून दिला.

परत आल्यावर तिने विचारलं, जेवणाचे हाल नाही ना झाले? बाकी एकही प्रश्न विचारला नाही. भावाने फोटो दाखवायला घेतले तर दूध उतू जाईल म्हणून आत गेली. आम्ही तिच्यासाठी आणलेली शाल तिने घडी करून कपाटात ठेवली.

पुढच्या वर्षी श्रावणात बाबा गेले. दिवसकार्य होऊन दोन-तीन महिने झाल्यावर भाऊ एका रविवारी कोपरला आला आणि म्हणाला, आई, आता तुला दिल्लीला नेतो, विमानाने, चांगलं हॉटेल, दारात गाडी. त्याच्या मनात खोट नव्हती. आई नको म्हणाली. त्याने फारच लावून धरल्यावर ती त्याच्याशी न बोलता माझ्याकडे वळली.

"त्या वेळी तू राहू शकली असतीस," ती म्हणाली. "मी वाट बघितली. अर्ज लिहितानासुद्धा बघत होते, तू काही म्हणतेस का."

आवाज चढलेला नव्हता. भावाला काही कळलं नाही. तो म्हणाला, आई, आता ते जुनं कशाला. आई उठली आणि तिने चहा टाकला.

त्यानंतरच्या फेब्रुवारीत एका रविवारी मी निघण्याआधी तिला फोन केला, काही आणायचं आहे का विचारायला. मागे खूप आवाज येत होता. ती म्हणाली, मी दिल्लीत आहे. शाळेतल्या आम्ही सहा जणी आलोय. गुरुवारी येऊ. मी विचारलं, आधी का नाही सांगितलंस? ती म्हणाली, त्यात सांगायचं काय? मी कल्याणला घ्यायला येते म्हटलं, तर म्हणाली, नको, एक जण कोपरचीच आहे, आम्ही रिक्षाने जाऊ.

पुढच्या रविवारी मी गेले. तिने पानं घेतली, आमटी वाढली. चेहरा उन्हाने रापला होता आणि तब्येत चांगली वाटत होती. मी विचारलं, काय काय बघितलंस?

"सगळं."

"कसं वाटलं?"

"तू बघितलंयस ना," ती म्हणाली आणि भात आणायला आत गेली.

आता तिच्या त्या मैत्रिणींचे फोन येतात. कधी मी तिथे असताना येतात. आतल्या खोलीत ती त्यांच्याशी दिल्लीचं बोलत असते. कोण कुठे चुकलं, कोण कुठल्या जिन्यावर बसून राहिलं, आणि हसते, मी लहानपणी ऐकलेलं तसं हसते. मी दारापाशी आले की ती आवाज कमी करते.